हातकागद : प्रशिक्षणातून व्यवसायाकडे

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• हातकागदाची निर्मितिप्रक्रिया क्रमाने सांगता येईल.
• हौशी कागद आणि विक्रीयोग्य कागद यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• प्रक्रियालेखनात कृतीबरोबर तिचे कारण नोंदवता येईल.

१. प्रास्ताविक
नागपूरच्या गांधीबागेत कापडाचा मोठा घाऊक बाजार आहे. तेथून नेलेला सुती तागा शिंप्याच्या कात्रीखाली गेला की चिंध्या उरतात. याच चिंध्या हातकागदाचा उत्तम कच्चा माल होत. नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवरील वर्ध्यात १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली मगनवाडीत जे ग्रामोद्योग हाती घेतले गेले, त्यांत हातकागदही होता. पुढे १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. या प्रयत्नांपुढचा प्रश्न आजही कायम आहे : गिरणीच्या स्वस्त कागदापुढे कारागिराने टिकायचे कसे?

२. प्रक्रिया
प्रथम चिंध्या निवडतात. गुंड्या, शिवण आणि कृत्रिम धाग्याचे तुकडे बाजूला काढतात. कारण पॉलिएस्टरचा तंतू पाण्याने फुगत नाही व इतर तंतूंशी बांधला जात नाही. नंतर चिंध्यांचे बारीक तुकडे करून ते पाण्यासह यंत्रात कुटतात. कुटल्याने सुती तंतू उकलतात आणि वाळताना एकमेकांना घट्ट धरतात. म्हणून कागद जोडण्यासाठी निराळा डिंक लागत नाही. तयार झालेला लगदा हौदातील पाण्यात ढवळून त्यात जाळीची चौकट बुडवतात व आडवी उचलतात. पाणी निथळल्यावर ओला ताव कापडावर उलटवतात. तावांची थप्पी दाबयंत्रात दाबून पाणी काढतात व ताव सुकवतात. शाई पसरू नये म्हणून खळ देतात; शेवटी घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करतात.

३. विक्रीयोग्यतेची कसोटी
एक सुबक ताव नवशिक्यालाही जमतो. व्यवसायाला शंभर सारखे ताव लागतात. प्रत्येक ताव हौदातील तंतू घेऊन जातो. त्यामुळे लगदा पातळ होत जातो आणि पुढचे ताव नकळत हलके होतात. ठरावीक तावांनंतर मोजून लगदा घालण्याची सवय प्रत्यक्ष हौदापाशी उभे राहूनच अंगवळणी पडते.

हा समतोल वजनाने तपासतात. ५६ × ७६ सेंटिमीटरच्या तावाचे क्षेत्रफळ सुमारे ०.४३ चौरस मीटर असते. प्रति चौरस मीटर १५० ग्रॅम वजनाचा कागद हवा असेल, तर वाळलेला ताव सुमारे ६४ ग्रॅम भरला पाहिजे. लग्नपत्रिका छापणाऱ्याला निम्मे ताव जाड आणि निम्मे पातळ मिळाले, तर छपाई बिघडते आणि पुढची मागणी येत नाही. हातकागदाचे सौंदर्य त्याच्या किंचित वेगळेपणात असले, तरी कारागिराची मिळकत त्याच्या सारखेपणावर अवलंबून असते.

४. सारांश
निवड, कुटणे, ताव उचलणे, दाबणे, सुकवणे, खळ देणे व घोटणे हे टप्पे वाचून समजतात. सातत्य मात्र सरावाने व मोजमापाने येते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. कृत्रिम धाग्याच्या चिंध्या का वगळतात?
२. हौदातील लगदा पातळ का होतो? त्यावर उपाय सांगा.
३. तुमच्या परिचयाच्या एखाद्या हस्तव्यवसायाची प्रक्रिया प्रत्येक टप्प्याच्या कारणासह १५० शब्दांत लिहा.