बिअरच्या माल्टसाठी ज्वारी : दाण्याची उगवणशक्ती जपा

बिअर म्हटले की बार्ली म्हणजेच सातू आठवतो. परंतु कमी पाण्यावर येणाऱ्या ज्वारीपासूनही बिअर तयार होते. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तेथील कारखाने ज्वारी व मक्याकडे वळले. आपल्याकडे ज्वारी मुख्यतः कोरडवाहू पीक आहे, शिवाय कडबाही मिळतो. मात्र या वापरासाठी दाणा कसा लागतो, हे आधी समजून घ्यावे.

माल्ट म्हणजे काय?

धान्य भिजवून, मोड आणून वाळविले की माल्ट होतो. नाचणीचे सत्त्व करताना घरी हेच करतात. मोड येताना दाण्यात विकरे (एन्झाइम) तयार होतात. ती स्टार्चची साखर करतात आणि यीस्ट त्या साखरेपासून मद्यार्क बनविते. म्हणून माल्टसाठी दाणा जिवंत हवा. पावसात सापडून काळी पडलेली खरीप ज्वारी मद्यार्क कारखान्यात खपते, कारण तेथे विकरे बाहेरून घालतात. माल्टसाठी मात्र ती चालत नाही; बुरशीमुळे तिची उगवण घटते.

ज्वारीच्या मर्यादा

ज्वारीचा स्टार्च शिजण्यास सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमान लागते. तेवढ्या उष्णतेत माल्टमधील बरीच विकरे निकामी होतात. म्हणून कारखाने धान्य वेगळे शिजवितात किंवा विकरे वरून घालतात. बार्लीसारखे टरफल नसल्याने गाळणेही अवघड जाते. मात्र ज्वारीत ग्लुटेन नसते, ही जमेची बाजू आहे.

काय काळजी घ्यावी?

१) एका लॉटमध्ये एकच वाण ठेवावा. मिश्र दाण्यांना मोड एकसारखे येत नाहीत.

२) दाण्याच्या टोकाशी काळा ठिपका दिसताच कापणी करावी. पक्व कणसे पावसात उभी ठेवू नयेत.

३) मळणीयंत्राचा वेग बेताचा ठेवावा. फुटलेला दाणा उगवत नाही, त्यावर बुरशी मात्र वाढते.

४) दाणे पातळ थरात वाळवून ओलावा १२ टक्क्यांपेक्षा कमी करावा.

५) विक्रीपूर्वी १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून तीन दिवस ठेवावेत. ९० पेक्षा कमी दाण्यांना मोड आल्यास तो माल माल्टसाठी देऊ नये.

६) औषध लावलेले बियाणे यात कदापि मिसळू नये.

सावधगिरी

ज्वारीच्या कोवळ्या मोडांत हायड्रोसायनिक आम्ल तयार करणारा घटक असतो. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते ती यामुळेच. म्हणून माल्ट वाळविल्यावर मोड व मुळ्या चोळून काढून टाकतात. त्या जनावरांना घालू नयेत. तसेच महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर तयार करणे गुन्हा आहे. आपले काम उत्तम धान्य पिकविण्याचे आहे.

केवळ ऐकीव माहितीवर क्षेत्र वाढवू नका. आधी खरेदीदाराला नमुना दाखवा, वाण, उगवण व दर यांचा लेखी करार करा आणि मगच पेरणी करा. करार न झाल्यासही स्वच्छ, टपोरी ज्वारी भाकरीसाठी चांगल्या दराने विकता येते.