ओट्यावर पंधरा दिवस

काल फोन उचलल्या उचलल्या तू काय ओरडलीस, आठवतंय? ‘काका, अठ्ठ्याण्णव ग्रॅम!’ धार कशी आहे, मूठ कशाची आहे, यातलं काही नाही, आधी वजन. आठवडे बाजारात भाता लावून बसलेल्या घिसाड्याकडे तू ट्रकच्या कमानीचा पाटा घेऊन गेलीस, घण पडताना शेजारी उभी राहिलीस, आपल्या मापाची सुरी घडवून घेतलीस, याचं मला कौतुकच आहे. तुझ्या वयात मी सिनेमातल्यासारखा करवती पाठीचा सुरा मिरवायचो. तीन वर्षांत त्याने एक पावाची लादी कापली, तीही वाकडी. पण ही नवी सुरी तू येत्या शनिवारी थेट रतनगडावर नेणार म्हणतेस, तेवढं करू नकोस. आधी पंधरा दिवस ती तुझ्या आईच्या ओट्यावर राहू दे.

ओट्याचं पुढे सांगतो, आधी वजनाचं. पोलाद घन सेंटिमीटरला पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. सुरी मुठीसकट वीस सेंटिमीटर लांब आणि सव्वादोन रुंद धर. पाटा चार मिलिमीटर जाड ठेवला तर नुसतं लोखंडच एकशेचाळीस ग्रॅमवर जातं. अडीच मिलिमीटरवर आणला तर नव्वदच्या खाली येतं. म्हणजे वजन उतरवायचं तर पातं पातळ करायचं किंवा आखूड करायचं. या दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. तिसरी जागा असते मुठीच्या आत, डोळ्यांना न दिसणारी. तिथलं लोखंड कोरून काढलं की काटा खाली येतो, आणि घात तिथेच होतो.

माझा झाला. हरिश्चंद्रगडावर, डिसेंबरच्या थंडीत. सुरी हलकी, दिसायला देखणी. खाली गावातून आणलेला बांबूचा तुकडा फोडायला मी ती त्यावर धरली आणि पाठीवर दांडक्याने ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला मूठ हातात राहिली, पातं बांबूत. तुटल्या जागी पाहिलं, तर मुठीत जाणारा भाग पात्यापाशी एकदम अरुंद केलेला आणि तो कोपरा काटकोनात कापलेला. सगळा ताण अशा आतल्या टोकदार कोपऱ्यात साठतो. तडा तिथूनच सुरू होतो. घडवून घेताना मीच ‘अजून हलकी करा, अजून हलकी करा’ म्हणून मागे लागलो होतो, तेव्हा दोष लोहाराला कसा देऊ? तुझ्या सुरीत तो भाग कसा आहे हे लोहाराला विचार. अख्खा पाटा मुठीच्या टोकापर्यंत गेला असेल तर उत्तम. अरुंद केला असेल तर कोपरा गोल हवा. वजन कमी करायला त्यात भोकं पाडली असतील तर चालतील, पण पात्यालगतच्या दोन बोटांच्या जागेत भोक नको.

आता तपासणी. पहिली डोळ्यांनी. सुरी दिव्याखाली धार वर करून धर आणि धारेकडे सरळ पाहा. खरी धार दिसतच नाही. जिथे चकाकीचा ठिपका दिसेल तिथे ती बोथट तरी आहे किंवा तुटलेली तरी. मग मुठीकडून टोकाकडे एक डोळा मिटून बघ, बंदुकीचा नेम धरतात तसं; बाक लगेच कळतो. धारेलगत निळसर झाक आहे का तेही पाहा. कोरड्या ग्राइंडरवर धार लावताना पोलाद तापून निळं पडलं, की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं असं समज. तिथली धार टिकायची नाही.

दुसरी तपासणी तड्याची. पाटा जुन्या गाडीचा म्हणतेस. त्याने हजारो हेलकावे सोसलेले असतात, त्यात केसासारखा तडा आधीच असू शकतो. शिवाय हे पोलाद लाल करून एकदम थंड पाण्यात बुडवलं तर तडकायची भीती असते. तेलात विझवलेलं बरं. आपण म्हणतो ‘पाणी दिलं’, पण दरवेळी ते पाणीच असतं असं नाही. तडा शोधायची जुनी युक्ती सांगतो. पूर्वी रॉकेल वापरायचे. तुला ते मिळणार नाही, शिवणयंत्राचं तेल घे. पात्याला तेल फास, पाव तास थांब, मग फडक्याने अगदी कोरडं पूस आणि पांढऱ्या खडूची पूड चोळ. तडा असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर काळपट रेघ उमटते. रेघ उमटली तर सुरी लोहाराला परत दे. तिला वेल्डिंग करून घ्यायचा विचारही करू नकोस.

तिसरी, पाणी बसलंय का याची. धारेजवळ, पण प्रत्यक्ष धारेवर नव्हे, बारीक कानस हलकेच फिरव. कानस घसरली किंवा जेमतेम चावली तर ठीक. साबणाच्या वडीत शिरल्यासारखी शिरली तर पातं कच्चं आहे. पाठीकडे मऊ लागलं तर मात्र घाबरू नकोस. पुष्कळ लोहार मुद्दाम धारच कडक करतात आणि पाठ मऊ ठेवतात, म्हणजे धक्का बसला तरी पातं तुटत नाही.

उलटी चूकही होते: पोलाद फार कडक, काचेसारखं ठिसूळ. त्यासाठी गोल पितळी दांडी हवी. जुन्या पळीची चालेल, देवघरातली नको, नाहीतर माझं नाव निघेल. तिच्यावर धार तिरपी टेकव आणि सरकवत हलका दाब दे. धारेची कड दाबाखाली किंचित वाकताना दिसेल. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर पाणी नेमकं बसलंय. वाकलेलीच राहिली तर मऊ. आणि कण उडाले तर फार कडक. ती पुन्हा मंद आचेवर शेकून घ्यावी लागेल. हे काम लोहाराचं आहे, आपल्या गॅसवर करायचं नाही.

एवढं झालं की ओटा. गडावर सुरी करते काय? कांदा चिरते, बटाट्याच्या फोडी करते, दोरी कापते, शिध्याचं पाकीट फोडते, फार तर एखादी काठी तासते. शंभरातली नव्वद कामं स्वयंपाकघरातलीच. पंधरा दिवसांत ओट्यावर जेवढं चिरलं जातं तेवढं गडावर वर्षभरात होत नाही, म्हणून परीक्षा तिथे घ्यायची. आईला फक्त एवढंच सांग की दुसरी सुरी वापरायची नाही. सुरीबद्दल काय वाटतं ते विचारू नकोस, ती आपणहून बोलेल. बोलण्यात तिला कोणी हरवलेलं नाही.

तू लक्ष ठेव ते गाजरावर. गाजर किंवा कच्चा बटाटा चिरताना शेवटी कडकन आवाज होऊन फोड तुटली, तर पातं चिरत नाहीये, पाचरीसारखं फाकवतंय. धारेच्या मागे ते जाड राहिलंय. जाडी पाठीवर मोजून हे कळत नाही. धारेपासून अर्धा सेंटिमीटर वर किती आहे तिथे खरी गोम असते. आपल्या विळीचं पातं बघ कसं पातळ असतं, म्हणून ती भोपळ्यातूनही सहज जाते. तुझी सुरी जाड निघाली तर तिथून घासून घे. धार सुधारेल आणि चार-पाच ग्रॅम आणखी उतरतील, तुला तेवढाच आनंद.

कैरी किंवा लिंबू चिरलंस की पातं काळंनिळं पडेल. पडू दे. ती गंजाची पहिली पायरी नाही, उलट थोडाफार आडोसाच होतो. तांबूस पूड दिसली तर मात्र तो गंज. लगेच राखेने किंवा बारीक पॉलिश पेपरने घासून टाक. काम झालं की धुऊन, पुसून खोबरेलाचं बोट फिरव. तेच तेल ट्रेकला भाजीत पडलं तरी कोणी मरत नाही.

पंधरवड्याच्या मधल्या रविवारी तिला थोडं राबवून घे. बोटाएवढा जाड काथ्या आण, फळीवर ठेव आणि एकेक घाव मोजत काप. दर दहा घावांनी वर्तमानपत्राचा कागद कापून बघ. कागद फाटायला लागला की थांब. हेच घरातल्या नेहमीच्या सुरीने कर. आकडा किती येतो याला किंमत नाही. दोघींत फरक किती, हे पाहायचं. काथ्यात वाळूचे कण असतात, त्यामुळे धार झपाट्याने जाते आणि तासाभरात महिन्याचं काम समजतं.

मग अंगठ्याएवढी वाळकी काठी घे आणि तिच्यावर पातळ लांब ढलप्या काढ, पण तोडू नकोस. टोकाशी झुपका लगडलेला राहायला हवा. वीस मिनिटं हे करत बस. ही परीक्षा धारेची वाटते, पण खरी मुठीची आहे. तळव्यात जिथे लाल होईल तिथे मुठीवर पेन्सिलने खूण कर आणि तो उंचवटा घासून काढ. हलक्या सुरीची मूठ बहुधा बारीक ठेवतात, आणि बारीक मूठ आवळून धरावी लागते, म्हणून हात लवकर भरून येतो. बाभळीची मूठ सांगितलीस, छान केलंस. तिला जवसाचं तेल दोन-तीनदा मुरव, नाहीतर पावसाळ्यात फुगेल.

धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळून, हाताला साबण लावून टोक फळीत दाबायचा प्रयोगही कर. हात घसरून पात्याकडे गेला तर मुठीच्या पुढच्या तोंडाशी उंचवटा हवा. हे चिकटपट्टी असतानाच कळलेलं बरं. आणि तासताना सुरी कधी मांडीच्या आतल्या बाजूला येऊ द्यायची नाही. तिथली रक्तवाहिनी मोठी असते आणि गडावरून दवाखाना लांब.

फोडाफोडी, उचकटणं, दगडातून काही उकरणं ही कामं तिला सांगायची नाहीत. शंभर ग्रॅमची सुरी घेतलीस म्हणजे ही कामं तू सोडलीस. जाड लाकूड फोडायचंच असेल तर खालच्या गावातल्या मावशींकडे कोयता असतो, नीट मागितला तर देतात. आणि फोडायचं ते गावातून आणलेलं. रतनगड, हरिश्चंद्रगड दोन्ही अभयारण्यात येतात, तिथली कारवीसुद्धा तोडायची नाही. सात वर्षांनी फुलते बिचारी.

म्यानाचं थोडक्यात. सुरी घालून ते उलटं धर आणि जोरात झटक. सुरी पडता कामा नये. शिवणीच्या आत चामड्याची पट्टी हवी, नाहीतर धार दोराच कापते. घरी आल्यावर सुरी म्यानात ठेवायची नाही, चामडं ओल धरतं. वजन सांगताना म्यान धरून सांग. तुझे अठ्ठ्याण्णव दीडशेवर जातील, तेव्हा ओरडू नकोस. एसटीत, रेल्वेत ती सॅकच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळलेली असू दे. कमरेला लावून फलाटावर हिंडू नकोस. शहरात शस्त्रबंदीचे आदेश वरचेवर निघतात आणि पोलिसाला तुझा कांदा दिसत नाही, सुरी दिसते.

धार लावायला मात्र माझ्याकडे ये. तोवर एवढं लक्षात ठेव: पातं बावीस मिलिमीटर रुंद असेल तर सहाणेवर पाठ साडेसात मिलिमीटर उचलायची, म्हणजे वीस अंश होतात. एकावर एक नाणी रचून एकदा उंची हाताला समजली की पुन्हा मोजावं लागत नाही. मुठीला लाल दोरा बांध. लाकूड आणि काळं पडलेलं लोखंड पाचोळ्यात पडलं की शोधूनही सापडत नाही.

एक धोका मात्र आधी सांगायला हवा होता. माझ्या तीन सुऱ्या अशाच परीक्षेला बसल्या. एक नापास झाली, ती सॅकमध्ये आहे. पास झालेल्या दोन्ही तुझ्या काकूने ओट्यावरून अजून सोडलेल्या नाहीत.