मुखत्यारपत्रावर सही केली, म्हणजे पेटंट एजंटाचं होतं का?

प्रश्न : द्राक्षबागेसाठी मी फवारणी यंत्र तयार केलं आहे. पेटंटसाठी एजंटाकडे गेलो, तर त्यांनी आधी मुखत्यारपत्रावर सही मागितली. आमच्या भावकीत कुलमुखत्यारपत्रापायी जमीन गेली आहे, त्यामुळे हात धजत नाही. सही करावी का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : करा, पण वाचून करा. पेटंट कायदा, १९७० प्रमाणे एजंट नेमायची सक्ती नाही. अर्ज स्वतःही करता येतो. मात्र यंत्राला संरक्षण किती मिळणार हे क्लेम्सच्या, म्हणजे अर्जात मांडलेल्या हक्काच्या दाव्यांच्या, शब्दांवर ठरतं, आणि ते लिहायला मुरलेला हात लागतो.

तुमच्यापुढे आलेला कागद बहुधा फॉर्म २६ असेल. त्यामुळे एजंटाला पेटंट कार्यालयात तुमच्या वतीनं सह्या करायचा, उत्तरं द्यायचा अधिकार मिळतो. यंत्रावरचा तुमचा हक्क जागचा हलत नाही. तो द्यायला वेगळा लेखी करार, म्हणजे असाइनमेंट लागते. तसा कागद सोबत ठेवलेला दिसला, तर मात्र सही करू नका, आधी वकिलाला दाखवा.

फॉर्ममध्ये एक वाक्य असतं : एजंटानं आजवर केलेल्या कामाला माझी संमती आहे. ते वाचून दचकू नका. अर्ज आधी दाखल करून हा फॉर्म तीन महिन्यांत देण्याची मुभा नियम १३५ मध्ये आहे, म्हणून ते वाक्य. अर्ज आधीच गेला असेल, तर त्याची प्रत मागून घ्या. शोधाचं नाव लिहायची जागा कोरी सोडू नका. एकाच यंत्रापुरता अधिकार द्यायचा, तर ते नाव तिथं हवंच.

खरी काळजी घ्यायची ती पत्रव्यवहाराची. फॉर्मप्रमाणे सगळ्या नोटिसा एजंटाच्या पत्त्यावर जातात. पहिला परीक्षण अहवाल निघाला की उत्तराला सहा महिने मिळतात, मुदतवाढ मागितली तर आणखी तीन. उत्तर गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एजंट विसरला तरी नुकसान तुमचंच. तेव्हा अर्जात स्वतःचाही ई-मेल घाला आणि अर्ज क्रमांक टाकून पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अधूनमधून स्थिती पाहत जा.

एजंट पटला नाही, तर दुसऱ्याच्या नावानं नवा फॉर्म २६ द्या. त्याच अर्जासाठी आधी दिलेला अधिकार रद्द केल्याचं वाक्य त्यात छापलेलंच असतं.