घरातला उद्योग आणि मुलांचे संगोपन

घरी बसून काम करणे ही काही नव्या युगाची नवलाई नव्हे. विणकराचा माग, कुंभाराचे चाक, सोनाराची शेगडी, शिंप्याची कात्री आणि शास्त्रीबोवांची पाठशाळा ही सर्व पिढ्यानुपिढ्या घराच्या ओसरीवरच होती, आणि त्यांच्या अवतीभवती मुले रांगत, खेळत व पाहता पाहता कामही शिकत. गिरण्या व कचेऱ्या आल्या तेव्हा उद्योग घराबाहेर पडला. तो अलीकडे पुष्कळांच्या बाबतीत पुन्हा घरात शिरला आहे. भाषांतरकार, हिशेबनीस, चित्रकार, संगणकाचे काम करणारे, शिवणकाम करणाऱ्या भगिनी, असे कितीतरी गृहस्थ व गृहिणी कोणाच्या नोकरीत नसून उक्ते काम घेतात आणि ते घरीच पुरे करतात. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा कचेरी आणि शाळा या दोन्ही एकाच वेळी घरात आल्या. नोकरदारांपैकी बरेचजण पुढे कचेरीत परतले. उक्ते काम घेणारा मात्र घरीच राहिला, कारण परतण्यास त्याला कचेरीच नव्हती.

कुंभाराच्या आणि लेखनिकाच्या घरात एक भेद मात्र आहे. चाक थांबवून मुलाचे नाक पुसता येते व चाक पुन्हा फिरविता येते. ज्या उद्योगाचे सर्व साहित्य मनातच मांडलेले असते, त्याचे तसे नाही. एका दीर्घ संस्कृत वाक्याचा अन्वय मनात अर्धा जुळला आहे, कर्ता सापडला आहे, क्रियापद अजून दूर आहे, आणि इतक्यात दारावर चिमुकला हात पडतो. त्या क्षणी जो शब्द तोंडून निघतो तो पुष्कळदा कठोर असतो. मूल निमूट मागे फिरते. असे पाच-सात वेळा झाले म्हणजे ते दाराजवळून चवड्यांवर चालावयास शिकते, आणि पाहुणे म्हणतात, “किती शहाणे मूल आहे!”

या प्रसंगी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बासष्ट व त्रेसष्ट या श्लोकांची आठवण करून देण्याची रीत आहे. विषयाच्या चिंतनातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, आणि तेथून पुढे स्मृतिभ्रंश व बुद्धिनाश, ही परंपरा सर्वांच्या परिचयाची आहे. “ही वेळ माझी आहे” अशी इच्छा अगोदर मनात घट्ट झालेली असते, तिला धक्का बसतो आणि क्रोध उठतो, हे निदान अचूक आहे. परंतु त्यावरून जो उपदेश केला जातो, की दार वाजेल तेव्हा शांत राहावे, तो आमच्या मते फार उशिरा येऊन पोहोचतो. दारावर थाप पडली त्या क्षणी उसळलेल्या क्रोधाची सिद्धता पुष्कळदा पंधरा दिवसांपूर्वीच झालेली असते. ज्या दिवशी काम स्वीकारले त्या दिवशी. म्हणून घरी उद्योग करणाऱ्या आईबापांनी दुसऱ्या अध्यायाइतकाच अठराव्या अध्यायातील पंचविसावा श्लोक जवळ ठेवावा असे सुचवावेसे वाटते.

या श्लोकात तामस कर्माचे लक्षण सांगितले आहे. तामस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काही घोर कृत्य उभे राहते. येथे तसे काहीच नाही. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींकडे न पाहता केवळ मोहाने जे कर्म आरंभिले जाते ते तामस, एवढेच भगवंतांनी सांगितले. कर्म कोणते आहे यावर येथे काहीच अवलंबून नाही; ते आरंभिताना विचार केला होता की नाही यावर सर्व आहे. पुराणाचे भाषांतरही या व्याख्येने तामस ठरू शकते.

श्रीशंकराचार्यांनी या चार पदांचा जो अर्थ केला आहे तो इतका व्यवहारी आहे की वाचून आश्चर्य वाटते. अनुबंध म्हणजे मागाहून येणारे परिणाम. क्षय म्हणजे शक्तीचा वा द्रव्याचा व्यय. हिंसा म्हणजे प्राण्यांना होणारी पीडा. आणि पौरुष म्हणजे “हे काम मी पुरे करू शकेन” असे आपले सामर्थ्य.

पौरुषापासूनच आरंभ करू, कारण त्याचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. भाषांतराच्या व्यवसायात दिवसाला सुमारे 2,000 शब्द हे प्रमाण सामान्यतः धरले जाते. 30,000 शब्दांचे पुस्तक आले की भागाकार करून पंधरा दिवसांची मुदत कबूल केली जाते. हे 2,000 शब्द सलग सहा-सात तास मिळणाऱ्या माणसाचे आहेत, ही गोष्ट भागाकारात येत नाही. ज्या घरात तीन वर्षांचे मूल आहे तेथे खऱ्या अर्थाने अखंड वेळ किती? मूल दुपारी निजते तो दीड तास आणि आजोबा त्याला बाहेर नेतात तो दीड तास, मिळून तीन. तेवढ्यात 900 शब्द झाले तर पुष्कळ झाले. म्हणजे तेच पुस्तक चौतीस दिवसांचे आहे. मुलाला एकदा ताप येणार, घरात एखादे कार्य निघणार, हे धरून पंचेचाळीस दिवस मागावयास हवेत. पंधरा दिवस कबूल करणाऱ्याने उरलेले एकोणीस दिवस कोठून आणावयाचे? ते रात्रीतून आणले जातात. अतिजागरण करणाऱ्याला योग साधत नाही हे सहाव्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात सांगितले आहे. योगाची गोष्ट दूरच राहो, अशा माणसाला सकाळी मुलाची वेणी घालतानासुद्धा धीर राहत नाही.

पंचेचाळीस दिवस मागितले तर काम दुसऱ्याकडे जाईल, ही भीती खरी आहे व तिची थट्टा करू नये. परंतु पहिल्याच दिवशी स्पष्ट मागितलेली मुदत बहुतेक काम देणारे मान्य करतात, किंवा निदान त्यांतील काही तरी देतात. चौदाव्या दिवशी मागितलेली वाढ मात्र सर्वांनाच खटकते, असा या व्यवसायातील सामान्य अनुभव आहे.

अनुबंधाचा विचार त्या मानाने सोपा आहे. हस्तलिखित पाठविले म्हणजे काम संपत नाही. मुद्रिते येतात, शंका येतात, दुरुस्त्या येतात. आणि त्या नेमक्या मुलांच्या परीक्षेच्या आठवड्यात येतात. क्षयाविषयी एवढेच सांगणे पुरे की नोकरीतील मनुष्याच्या शक्तिक्षयाची भरपाई अंशतः धनी करतो, येथे करणारा कोणी नाही. 2017 मध्ये मातृत्वलाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. ही सर्व व्यवस्था धनी आहे असे गृहीत धरून केलेली होती. जी स्त्री स्वतःच आपली धनी आहे तिने रजा कोणाकडे मागावी? म्हणून प्रत्येक मोबदल्यातील काही भाग वेगळा काढून ठेवणे हा उक्ते काम घेणाऱ्याच्या संसारातील नियमच असावा.

राहिली हिंसा. या पदावर मात्र थोडे थांबावयास हवे. घरातले मूल हाही प्राणीच आहे, आणि त्याला होणारी पीडा पुष्कळदा दिसत नाही.

महाराष्ट्रात गोरोबाकाकांची कथा लहानथोरांना ठाऊक आहे. दूरच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळात, आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या तेर या गावी गोरा कुंभार राहत. एके दिवशी ते घराच्या अंगणात पायांनी माती तुडवीत होते. पत्नीने तान्हे मूल त्यांच्याजवळ ठेवले, लक्ष ठेवावयास सांगितले आणि ती पाण्याला गेली. गोरोबा विठ्ठलाच्या भजनात तल्लीन झाले, मूल रांगत मातीत आले आणि पायांखाली तुडविले गेले. पुढे पंढरपुरी कीर्तनात पांडुरंगाने ते मूल परत दिले, असे संतचरित्रे सांगतात.

ही कथा भक्तीची आहे आणि तिचा तो अर्थ अबाधित आहे. परंतु घरी उद्योग करणाऱ्याने तिच्यातील एक लहानसा तपशील नजरेआड करू नये. त्या वेळी गोरोबांवर दोन कामे सोपविलेली होती, माती आणि मूल. आणि मूल सोपविले गेले त्या क्षणी मातीचे काम थांबलेले नव्हते. संतांच्या तन्मयतेचा दाखला देऊन आपल्या कामातील बेभानपणाचे समर्थन करणारे गृहस्थ भेटतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की कथेच्या उत्तरार्धावर आपला अधिकार नाही. आपण विठ्ठलात तल्लीन नसून बहुधा मुदतीत तल्लीन असतो.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: “हे सारे मुलांसाठीच तर चालले आहे.” या उत्तराचे परीक्षण तेराव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकावरून होते. तेथे पुत्र, पत्नी, गृह इत्यादींविषयी अनभिष्वंग हे ज्ञानाचे एक लक्षण म्हणून सांगितले आहे. दुसरा सुखी झाला की मीच सुखी, तो दुःखी झाला की मीच दुःखी, अशा तादात्म्याला आचार्य अभिष्वंग म्हणतात. हे वाचून काहींना वाटते की गीता मुलांपासून दूर सरावयास सांगते. ज्ञानेश्वर महाराजांनी या ठिकाणी मुलांना वस्तीला आलेल्या पाहुण्यांची, झाडाखाली येऊन बसलेल्या गुरांची उपमा दिली आहे. ऐकताना ती कठोर वाटते. पण वस्तीला आलेल्या पाहुण्याला आपल्याकडे कोणी दाराबाहेर ठेवते काय? तो आपला नव्हे व फार दिवस राहावयाचा नाही, म्हणून तर तो आहे तोवर त्याचे आगतस्वागत अधिक जपून केले जाते. उलट जो मुलाला आपलाच विस्तार समजतो, तो त्याच्या पंधरा वर्षांनंतरच्या शिक्षणासाठी रात्री जागतो आणि आज दारात उभ्या असलेल्या मुलाला परत पाठवितो. त्याचे प्रेम खोटे नाही. ते समोरच्या मुलावर नसून मनातल्या मुलावर आहे.

दुसऱ्या टोकाला जाऊन “मूल मोठे होईपर्यंत काम सोडूनच द्यावे” असेही कित्येक म्हणतात. ज्यांची सोय आहे व ज्यांच्या मनाला ते पटले आहे त्यांनी खुशाल सोडावे. परंतु केवळ कष्टाच्या भयाने केलेला त्याग राजस होय आणि त्याला त्यागाचे फळ नाही, असा निर्णय त्याच अठराव्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात आहे. शिवाय हा सल्ला जवळजवळ नेहमी बायकोलाच दिला जातो, हे कोणाच्या लक्षात कसे येत नाही?

या अनुषंगाने एक आकडा पाहण्यासारखा आहे. केंद्र सरकारने 2024 मध्ये केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत 15 ते 59 वयोगटातील 41 टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष 21.4 टक्के. आणि जे देखभाल करीत होते त्यांत स्त्रिया दिवसाला सुमारे 140 मिनिटे देत होत्या, पुरुष 74. घरी बसून काम करणारे पतिपत्नी दोघेही असले तरी पुष्कळ घरी पतीच्या कामाला “काम” म्हणतात व पत्नीच्या कामाला “फावल्या वेळचा उद्योग”. मूल कोणाचे दार वाजवील हे त्या दोन शब्दांनी आधीच ठरविलेले असते. पौरुष या शब्दाचा अर्थ आचार्यांनी काम तडीस नेण्याचे सामर्थ्य असा केला आहे, पुरुषजात असा नव्हे. तेव्हा नवे काम स्वीकारण्यापूर्वी दोघांनी एकत्र बसून दोघांच्याही तासांचा हिशेब करावा. एकाने “हो” म्हणावे आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरावी, असे होऊ देऊ नये.

एवढा विचार करून काम घेतले तरीही दार वाजणारच. मन जेथे जेथे भरकटेल तेथून तेथून त्याला परत आणावे, असे सहाव्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात सांगितले आहे. भरकटणार हे तेथे गृहीतच आहे. कामाच्या बाबतीत याचा उपयोग असा करता येतो. दार वाजले की ताबडतोब उठू नये आणि ओरडूही नये. अर्ध्या मिनिटात अन्वयातील कर्ता, कर्म व अडलेला शब्द कागदाच्या समासात टिपावा व मग उठावे. परत आल्यावर वाक्य पुष्कळसे तेथेच सापडते. ज्यांना हिशेब करावयाचा असतो त्यांनी शेवटची बेरीज लिहून ठेवावी. शिवणारीने सुई कापडात टोचून ठेवावी, तसेच हे आहे.

मुलाशी करावयाचा करारही असाच साधा असावा. “आता नाही” या शब्दांतून लहान मुलाला काहीच कळत नाही. घड्याळाचा मोठा काटा सहावर आला की मी बाहेर येईन, हे चार-पाच वर्षांच्या मुलाला कळते आणि ते घड्याळापाशी बसून वाट पाहते. मग काटा सहावर आला म्हणजे वाक्य कितीही रंगात आलेले असो, लेखणी ठेवावी लागते.