लसीनंतर आणि लसीमुळे : थायरॉईडच्या एका शंकेच्या निमित्ताने

जेऊर स्टेशनच्या बाकावर सोलापूरच्या गाडीची वाट पाहत बसलो असताना आमच्या ओळखीच्या एक ताई शेजारी येऊन बसल्या. हातातील पिशवीत तपासणीचे कागद होते. "गुरुजी, करोनाच्या दोन सुया घेतल्या. त्याच्या आधी मला काय बी नव्हतं. आता थायरॉईड निघालाय, जन्मभर गोळी म्हणत्यात. सुईनंच झालं ना?" आम्ही काही बोलण्याआधीच त्या पुढे म्हणाल्या, "म्हणून नातवाला गोवराचा डोस मी देऊ दिला नाही."

पहिल्या बोलण्याने आम्ही विचारात पडलो होतो, दुसऱ्याने अस्वस्थ झालो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि त्यात मुले दगावली. त्यांपैकी पुष्कळांचे डोस राहून गेलेले होते. तेव्हा ताईंची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तिचा अभ्यास करावा म्हणून हा लेख.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढील भागात, कंठाच्या खाली असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीराची चाल मंद ठेवायची की जलद, हे तिच्या रसावर अवलंबून असते. रस कमी पडला की थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, थंडी सहन न होणे. जास्त झाला की धडधड, घाम, हात थरथरणे, वजन घटणे. ताईंना झालेला कमी रसाचा आजार बहुधा शरीराच्या संरक्षक पेशी स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्याने होतो आणि तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढत असतो. तपासणीत तो 'निघतो' त्या दिवशी तो 'झालेला' नसतो.

मग लसीचा आणि थायरॉईडचा काहीच संबंध नाही काय? तसे म्हणणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. करोनाची लस घेतल्यानंतर थोड्या दिवसांत काहींच्या गळ्यातील ग्रंथीला दुखरी सूज आली, अशा नोंदी अनेक देशांतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. गळ्याचे दुखणे जबड्याकडे वा कानाकडे जाते, बारीक ताप येतो, छाती धडधडते. बहुतेकांची ही सूज काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते. काहींना ग्रेव्हज नावाचा जास्त रसाचा आजार झाल्याचेही नोंदले गेले. मात्र तशीच दुखरी सूज खुद्द करोनाच्या आजारानंतरही येते. इटलीतील पिसा येथील डॉक्टरांनी २०२० मध्येच, म्हणजे लस येण्यापूर्वी, ती वर्णिली होती.

एकेका रुग्णाच्या हकिकतीने शंका निर्माण होते, उत्तर मिळत नाही. उत्तरासाठी मोजावे लागते. हाँगकाँगमध्ये लस घेतलेल्या व न घेतलेल्या लाखो लोकांच्या दवाखान्यातील नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा लस घेतलेल्यांत थायरॉईडचे आजार वाढलेले दिसले नाहीत. पण तेथील लसी वेगळ्या होत्या. आपल्याकडे मुख्यत्वे कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता हिशेब पाहू. मुंबई व गोवा यांसह देशातील आठ शहरांत केलेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे दहा प्रौढांमागे एकाला थायरॉईडचा रस कमी असल्याचे आढळले. तेव्हा करोना नव्हता, त्याची लसही नव्हती. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी ही लस सुरू झाली आणि बहुतेक प्रौढांनी ती घेतली. साहजिकच त्यानंतर ज्याचा ज्याचा थायरॉईड निघेल, तो बहुतेक वेळा लसीनंतरच निघणार. आमच्या शेजाऱ्यांचा मोतीबिंदूही लसीनंतरच निघाला! 'नंतर' आणि 'मुळे' या दोन शब्दांतील अंतर जोखणे, हेच लसीच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणाऱ्यांचे काम आहे.

हे काम आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. (बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.) पुढे लाखोंना ती टोचली गेली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली, आणि त्यांतील १९ जण धनुर्वाताने मरण पावले. देशभर हलकल्लोळ झाला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले.

पण हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. बाटल्यांना क्रमांक होते आणि कोणाला कोणती बाटली दिली याची नोंद होती, म्हणूनच हे कळले. पुढे उजेडात आले ते असे की, बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ साली हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे. ती नोंदवही नसती तर एक चांगली लस कायमची बदनाम झाली असती, आणि खरा दोषही सापडला नसता.

आज या नोंदीला 'लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना' म्हणतात. नर्सताई तिला इंग्रजी आद्याक्षरांनी 'एईएफआय' म्हणतात. भारतात ही पद्धत १९८८ पासून आहे. मृत्यू, दवाखान्यात दाखल व्हावे लागणे, अपंगत्व, किंवा एकाच ठिकाणी अनेकांना त्रास होणे, असे घडल्यास आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ते चोवीस तासांत जिल्ह्याला कळवायचे असते. मग समिती कागद तपासते आणि ठरवते : त्रास लसीच्या गुणधर्माने झाला, लसीतील दोषाने झाला, देण्यातील चुकीने झाला, सुईच्या धास्तीने झाला, की योगायोगाने. कधी कधी ठरवता येत नाही, आणि तसेही लिहिले जाते. देण्यातील चूक कशी असते ते यवतमाळ जिल्ह्यात दिसले. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने वाचली. तेथे पोलिओच्या लसीला दोष देऊन काय उपयोग झाला असता?

आणि लसीचा खरा दोष असेल तर तोही याच वाटेने सापडतो. कोविशील्ड ज्या लसीच्या सूत्रावर पुण्यात तयार झाली, तिच्यामुळे क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होतात, हे २०२१ च्या मार्चमध्ये युरोपातील नोंदींतूनच उघड झाले. त्यानंतर अनेक देशांनी तरुणांना ती देणे थांबवले.

आमचे मत विचाराल तर, आपल्याकडे नोंद होते त्यापेक्षा राहून जाते जास्त. लोकांना कोठे सांगावे हे माहीत नसते, आणि सांगितले तरी "ताप येतोच" म्हणून परत पाठवणारेही भेटतात. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या : कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, आणि सामान्य माणसाला व खाजगी डॉक्टरांना लसीचा संशयित त्रास नोंदवता येईल अशी व्यवस्था केंद्राने करावी. पहिली गोष्ट सर्वांना पाठ आहे. दुसरी मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची आहे.

नोंद करणे अवघड नाही. आशाताई, नर्सताई किंवा आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सांगावे. औषध व लसीच्या दुष्परिणामांसाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत दूरध्वनी आहे. सांगताना लसीचे नाव, तारीख, बॅच क्रमांक आणि त्रास केव्हा सुरू झाला, एवढे हवे. म्हणून बाळाचे कार्ड आणि स्वतःचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. लस घेतल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. थायरॉईडची गोळी चालू असली तरी लस घेता येते. गोळी मात्र सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि मनाने बंद करू नये.

ताईंना आम्ही हेच सांगितले, पण एवढ्या व्यवस्थित नाही, कारण गाडी आली होती. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सुनेबरोबर आम्हीही आरोग्य केंद्रात गेलो. सुनेच्या मोबाईलमध्ये प्रमाणपत्र सापडले, त्यावर बॅच क्रमांक होता. थायरॉईडचा रिपोर्ट दुसऱ्या डोसनंतर सव्वा वर्षाने काढलेला होता. त्याआधी कधीच तपासणी झालेली नसल्याने 'आधी काय बी नव्हतं' याला पुरावा नव्हता, आणि उलटही नव्हता. नर्सताईंनी "आता काय उपयोग?" असे न म्हणता सगळे शांतपणे लिहून घेतले. ताई बराच वेळ त्या लिहिणाऱ्या हाताकडे पाहत होत्या. मग त्यांनी सुनेला विचारले, "बाळाचं कार्ड आणलंयस का?" कार्ड घरी राहिले होते. डोस त्यानंतरच्या मंगळवारी झाला.