आरोग्याचा नेम

मराठीत 'नेम' या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत. लक्ष्यावर रोखलेली नजर हा एक आणि ठरवून नित्य पाळलेले आचरण हा दुसरा. नेमबाज नेम धरतो. वारकरी आषाढी-कार्तिकीचा नेम पाळतो. आरोग्यासाठी व्यक्तीने स्वतःपुढे ठेवावयाच्या उद्दिष्टाचा विचार करताना हे दोन्ही अर्थ एकत्र घ्यावे लागतात. 'यंदा प्रकृती सुधारायचीच' असा निर्धार कचेरीतील लिपिकापासून सरपंचापर्यंत अनेकजण करतात. निर्धार खरा असतो. मात्र उद्या सकाळी सहा वाजता नेमके काय करावयाचे, हे त्यात ठरलेले नसते.

केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्याची परिपूर्ण अवस्था म्हणजे आरोग्य, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अंमलात आलेल्या घटनेत म्हटले आहे. व्याख्या उदात्त आहे. परंतु तिच्यावरून दिनक्रम आखता येत नाही. त्यासाठी मोजता येईल अशा गोष्टींकडे वळले पाहिजे.

बैठ्या कामाच्या परिणामांचा एक बोलका पुरावा लंडनच्या दुमजली बसगाड्यांतून मिळाला. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दिवसभर बसून गाडी चालविणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढत-उतरत तिकिटे देणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पुढे त्याच संशोधकांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालक कंबरेने मुळातच अधिक रुंद असल्याचे दिसले. म्हणून सारे श्रेय जिन्याला देता येत नाही. तथापि नंतरच्या असंख्य अभ्यासांनी मूळ दिशा योग्यच असल्याचे दाखविले आहे. प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे. 'दहा हजार पावले' हा आकडा मात्र वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. ज्याला तो झेपत नाही त्याने खंत करण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख नवी नाही. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे जीवितकार्य मानले आणि संस्थानातील शाळांत ते सुरू केले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची शास्त्रीय तपासणी आरंभिली. त्याहूनही घरोघरची परंपरा चातुर्मासाची. चातुर्मासात एखादा पदार्थ वर्ज्य करणारी गृहिणी फार चतुराईने उद्दिष्ट ठरवीत असते. वर्ज्य गोष्ट एकच असते, मुदत निश्चित असते, घरातील सर्वांना ती ठाऊक असते आणि शेवटी उद्यापन असते. आधुनिक मानसशास्त्राने उद्दिष्टांविषयी जे सांगितले, त्यातील बराचसा भाग या व्रतात आधीच आहे.

मानसशास्त्राने त्यात एक उपयुक्त भर घातली. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखविले की 'मी व्यायाम करीन' या संकल्पापेक्षा 'अमुक घडले की मी तमुक करीन' अशी जोडणी अधिक फलदायी ठरते. 'शाळा सुटली की सायकल घरी न्यावयाची नाही, आधी तळ्याला एक फेरी मारावयाची', असे शिक्षकाने ठरविले तर शाळेची घंटाच त्याला आठवण करून देते. नवी सवय एकवीस दिवसांत जडते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. लंडनमध्ये झालेल्या व २०१० साली छापून आलेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास लागणारा मध्यम काळ ६६ दिवस निघाला. काहींना अठरा दिवस पुरले, तर काहींना आठ महिन्यांहून अधिक लागतील असा अंदाज आला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हाही त्यातील निष्कर्ष होता. एक दिवस खंड पडताच सर्वच सोडून देणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

वजन कमी करण्याचे उद्दिष्ट सर्वांना प्रिय असते. परंतु वजनाचा काटा आपल्या हाती नसतो, पाऊल आणि घास हाती असतात. म्हणून उद्दिष्ट कृतीचे असावे. मिठाचे उदाहरण घेऊ. प्रौढाने दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ खावे, अशी शिफारस आहे. या हिशेबाने चार प्रौढांच्या घरात एक किलोचा पुडा किमान पन्नास दिवस पुरावयास हवा. पुडा उघडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवली की दुसरी नोंदवही लागत नाही. रक्तदाब १४०/९० वर पोहोचला तरी पुष्कळदा कोणतेही लक्षण दिसत नाही. त्यामुळे तिशी ओलांडलेल्याने आरोग्य उपकेंद्रात वर्षातून एकदा तपासणी करून घेणे, हेही उद्दिष्टच होय. हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघ्याचा विकार असलेल्यांनी व्यायामाचा नेम वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्यानेच ठरवावा. चालू असलेली औषधे मात्र संकल्पाच्या उत्साहात बंद करू नयेत.

मनाचे आरोग्य

मनाच्या बाबतीत 'आनंदी राहीन' हे उद्दिष्ट निरुपयोगी असते, कारण आनंद आज्ञेने येत नाही. ठराविक वेळी झोपणे, निजताना भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवणे, आठवड्यातून एकदा स्नेह्याकडे जाऊन बसणे, या गोष्टी ठरविता येतात. खिन्नतेच्या विकारावरील एका मान्य उपचारपद्धतीत रुग्णाने लहान, ठरलेल्या कृती हळूहळू पुन्हा सुरू कराव्यात असाच मार्ग सुचविलेला आहे. मन लागण्याची वाट पाहून काम सुरू करावयाचे नसते, कामातून मन लागू लागते. तरीही मर्यादा ओळखली पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासीनता, झोप व भूक उडणे, जगणे नकोसे वाटणे, असे होत असेल तर तो आजार आहे. इच्छाशक्तीचा दुबळेपणा म्हणून अशा माणसाला नेम-नियम सुनावणे हा अन्याय होय. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली मानस' या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य असून चोवीस तास चालते व तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर ठळक दिसावा.

एका गोष्टीकडे मात्र बहुतेक आरोग्यविषयक उपदेश काणाडोळा करतात. शेतात निंदणी करून, पाणी भरून, चूल सांभाळणाऱ्या स्त्रीला अर्धा तास चालण्याचा सल्ला देणे हास्यास्पद आहे. तिचे उद्दिष्ट विश्रांतीचे व आहाराचे असावयास हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सर्वांचे उरकल्यावर उरलेले खाण्याऐवजी सर्वांबरोबर पानावर बसणे आणि लोहाची गोळी न चुकता घेणे, हे उद्दिष्ट एकटी स्त्री पार पाडू शकत नाही. त्यासाठी पानावर बसलेल्या पुरुषांना आपले उद्दिष्ट ठरवावे लागते.

पंचायत सदस्यांची भूमिकाही येथेच सुरू होते. गावाबाहेरच्या रस्त्यावर दिवे नसतील तर पहाटे स्त्रिया चालावयास निघणार नाहीत; शाळेचे मैदान संध्याकाळी कुलूपबंद असेल तर तरुण चौकात बसतील. ग्रामसभेपुढे दिव्यांचा किंवा मैदानाच्या किल्लीचा ठराव आला, की त्याखाली तो पार पाडण्याची तारीख आणि जबाबदार सदस्याचे नाव लिहिण्यास अर्धी ओळही लागत नाही.