पसरणी घाटात गाडी दम का तोडते?

प्रश्न : माझी २०१० सालची शंभर सीसीची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आहे. वाई-सुरूर रस्त्यावर पन्नासच्या वेगानं बिनतक्रार पळते. पाचगणीला जाताना पसरणी घाटात चार-पाच किलोमीटर चढलं, की अडखळायला लागते. थ्रॉटल पिळला तर आणखी मरते, सोडला तर थोडी सावरते. बाजूला घेऊन उभी केली की पुन्हा बरी चालते. प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला. आता मेकॅनिक म्हणतात, इंजिनकाम करावं लागेल. इतर सगळे म्हणतात, इथेनॉलच्या पेट्रोलचा दोष. नेमकं काय समजावं? आणि पंधरा वर्षांच्या गाडीवर खर्च करावा का?
— एक वाचक, गंगापुरी, वाई

उत्तर : इंजिन एवढ्यात उघडायला देऊ नका. बोअर-पिस्टन झिजलेली गाडी सपाटीवरही ओढत नाही, सायलेन्सरमधून निळसर धूर सोडते, तेल पिते. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. उलट ‘चार-पाच किलोमीटरनंतर’ आणि ‘उभी केली की बरी’ हे जे लिहिलंय, त्यात निम्मं निदान आहे. पार्ट बदलत सुटण्याआधी गाडी नेमकी कधी अडखळते, हे पाहायला हवं.

सपाटीवर पन्नासच्या वेगाला ही गाडी लिटरला साठ किलोमीटर देते असं धरलं, तर इंजिन मिनिटाला चौदा मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल घेतं. घाटात थ्रॉटल जवळपास पूर्ण उघडा असतो, तेव्हा तेच इंजिन दुप्पट किंवा त्याहून जास्त मागतं. टाकीतून तेवढं येत नसेल, तर कार्बोरेटरच्या वाटीतला साठा पुरेपर्यंत गाडी चढते आणि मग दम तोडते. कार्बोरेटर कितीही स्वच्छ असला तरी वरूनच पेट्रोल कमी येत असेल, तर तो तरी काय करणार?

दुसरा संशयित म्हणजे तापलेली कॉइल. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. जुनी इग्निशन कॉइल, तडकलेली प्लग कॅप किंवा मॅग्नेटोतली पल्सर कॉइल थंड असताना काम निभावते आणि तापली की हात टेकते. प्लग नवा असला तरी कॅप जुनीच राहिलेली असते, याकडे फार कमी लोक पाहतात. घाटात पावसाळी धुकं असेल तर ओल्या कॅपमधून करंट बाहेर पळतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून कॅप आणि वायरकडे बघा; निळी ठिणगी बाहेर उडताना दिसली, तर चोर सापडला.

या दोघांतला फरक घड्याळ सांगतं. पुढच्या वेळी गाडी अडखळली की सुरक्षित जागी थांबा आणि एकच मिनिट थांबून पुन्हा चढून बघा. पेट्रोल थेंबथेंब येत असलं तरी मिनिटभरात वाटी बरीचशी भरते आणि गाडी पुन्हा काही अंतर जोमानं जाते. कॉइलचा दोष असेल तर मिनिटानं काहीच फरक पडत नाही, तिला निवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्याच वेळी टाकीचं झाकणही उघडून बघा. ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष झाकणातच आहे.

मला तुमच्या गाडीत सगळ्यात जास्त संशय या झाकणाचाच आहे. त्याला हवा आत घेणारं बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायला कुरकुरतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार जशी अडखळते, तसं. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घालतात, वर टाकीला रेक्झिनचं कव्हर चढवतात. पाऊस संपला तरी ती पिशवी तशीच राहते. आधी ती काढा, छिद्रात हवा मारून घ्या.

मग घरी, उघड्यावर, इंजिन थंड असताना कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडा. विडी-सिगारेट जवळपासही नको. झाकण घट्ट लावलेलंच ठेवा. पहिल्या मिनिटात शंभर मिलिलिटरपेक्षा कमी आलं, तर कॉकमधली जाळी कचऱ्यानं भरली आहे असं समजा. नळीत नंतर कुणी प्लास्टिकचा छोटा फिल्टर बसवला असेल, तर तोही काढून बघा. पहिल्या मिनिटाला धार चांगली आणि तिसऱ्या-चौथ्याला बारीक होत गेली, तर पुन्हा झाकण. ही बाटली टाकून देऊ नका. काचेची असेल तर उजेडात धरा. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले, तर टाकीत पाणी आहे आणि टाकी धुतल्याशिवाय बाकी सगळी मेहनत वाया जाईल.

आता इथेनॉल. देशात मिश्रणाचं प्रमाण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेलं. भुईंजच्या रस्त्यानं ज्या उसाच्या गाड्या जातात, त्याच पिकातूनही हे इंधन येतं, त्यामुळे आपल्या भागात त्याबद्दल जिव्हाळाही आहे आणि राग काढायला ते हाताशीही असतं. तुमची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही, हे खरं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जेटवर गाडी सात-आठ टक्के लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशी चालते. पण वाई समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आणि पाचगणी तेराशेच्या आसपास. एवढ्या चढात हवा सहाएक टक्क्यांनी विरळ होते आणि कार्बोरेटरचं मिश्रण उलट थोडं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं होतं, साधारण तीन टक्क्यांनी. म्हणजे दोष फक्त इथेनॉलचा असता तर गाडी वाईतच, तेही थंडीच्या सकाळी, जास्त अडखळली असती. वर जाताना तिला किंचित बरंच वाटायला हवं होतं. विरळ हवेमुळे शक्ती कमी होते हे वेगळं. सात-साडेसात अश्वशक्तीतली अर्धी अश्वशक्ती गेली म्हणून गाडी मंद चढेल, अडखळणार नाही.

इथेनॉलचा खरा त्रास वेगळा आहे. ते पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं, कडक करतं. म्हणून कार्बोरेटर आणि हेड यांमधल्या इनटेक रबराला चीर आहे का ते बघा. गाडी आयडलवर ठेवून त्यावर साबणाचं पाणी थोडं सोडलं आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर तिथून हवा आत येते आहे.

हे सगळं नीट निघालं, तरच कार्बोरेटरकडे पुन्हा वळा. थ्रॉटलच्या पहिल्या आठव्या भागात स्लो जेट आणि एअर स्क्रू, मधल्या टप्प्यात नीडल, शेवटच्या पाव भागात मेन जेट. गाडी कुठं अडखळते त्यावरून दोष कुठं आहे ते कळतं. चोक किंचित ओढल्यावर सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, आणखी बिघडली तर जास्त होतंय. एक कळकळीची विनंती : जेट तारेनं किंवा सुईनं कोरू देऊ नका. पितळ मऊ असतं. उजेडाकडे धरून बघितलं तर छिद्राच्या कडेला हिरवट चिकट थर दिसतो; तो क्लीनर आणि हवेनं निघतो. सुईनं मात्र छिद्रच मोठं होतं आणि मग ती गाडी कुणालाच नीट लावता येत नाही. तुमचा कार्बोरेटर दोनदा साफ झाला आहे, तेव्हा जेटमध्ये सुई फिरवली होती का, हे विचारून घ्या.

खर्चाचं विचाराल तर कॉकची जाळी, नळी आणि प्लग कॅप या सगळ्यांचा मिळून खर्च इंजिनकामाच्या मानानं किरकोळ आहे. पंधरा वर्षं भरल्यावर सातारा आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांचं पासिंग मिळतं. चासीला गंज नसेल, सपाटीवर ती इतकी छान पळत असेल, तर ते करून घ्या. पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही बघून ठेवा. तुमच्या सालच्या गाडीला मर्यादा ३.५ टक्के आहे आणि त्याच्या जवळ गेला असेल तर एअर स्क्रू पासिंगच्या आधीच लावून घ्या.